पायरीवर

आर्कान्सातला ऑगस्ट. यंदा अठराशे मुली.
मी या सोरोरिटीच्या घराची किल्ली घेतली
तेव्हा चारशे होत्या,
सरबत एकाच पातेल्यात मावायचं.

नियमांचं पाकीट जूनमध्येच आलं:
दारात गाणं नको, फुगे नकोत,
पाणी चालेल, बाटलीबंद.
पहिली फेरी व्हिडिओवर.
चाळीस सेकंदांत सांगा, तुम्ही कोण.

व्हिटली म्हणते, बरं झालं, मिसेस ओडेल,
आईचा बिल्ला दाखवून आत यायचे दिवस गेले.
खरंय. गेले.
तरी रात्री दोनला ती टॅबलेटवर
चेहरे डावीकडे सारत बसते,
आत्ता गेली ती कोण, विचारलं
तर तिला सांगता येत नाही.

शनिवारी पायरीवर एक बसलेली.
हातात सँडल, टाचेला फोड.
कुठल्याच घराच्या यादीत नाही, म्हणाली.
मी विचारलंही नव्हतं.

नियम अकरा: निकालापर्यंत सभासदांनी मौन पाळावं.
मी कुठली सभासद? पगारी बाई.
आत जाऊन लिंबं शोधली.
दोनच होती, त्यातलं एक सुकलेलं.

"नाव काय गं?"
"टॅन्झी. पण आता लिहून काय करणार?"

लिहिलं नाही.
साखर जरा जास्तच पडली होती.
ती काही बोलली नाही,
ग्लास मात्र तळापर्यंत रिकामा केला.