हरकत

झाडाला नंबर आहे, पांढऱ्या ऑइलपेंटचा.
वृक्षगणनेची पोरं आली होती टॅब घेऊन.
"काका, हे कुठलं झाड?"
म्हटलं, विलायती शिरीष.
त्यांनी 'इतर' वर बोट ठेवलं.

सहकारनगर, प्लॉट चौदा.
कंपाउंडच्या भिंतीत मूळ शिरलंय.
भेगेत आता माझी चार बोटं मावतात,
दर रविवारी घालून बघतो. आधी एकच जायचं.
ड्रेनेजचं चेंबर दोनदा फोडलं :
आतून मुळांची वेणी निघाली, काळी, ओली,
भरल्या मांजरासारखी जड.
गेल्या मेच्या वावटळीत फांदी पडली
ती ढमढेऱ्यांच्या गाडीवर. ते काही बोलले नाहीत.
फक्त दोन आठवडे गाडी
तशीच, फुटक्या काचेची,
आमच्या फाटकासमोर उभी ठेवली.

ऋजुता म्हणते, बाबा, सोलर बसवला असता
पण तुमच्याकडे ऊनच नाही.
खरंय. ऊन नाही. चिकट शेंगा आहेत, अंगणभर.
कुमुद त्यांच्यावरूनच घसरली,
मनगटात स्टीलची पट्टी आहे तिच्या.
ती म्हणते, मला विचारू नका,
मी झाडाच्या बाजूची नाही आणि तुमच्याही.

हणमंत लोखंडे आला, खांद्यावर दोर.
चप्पल काढली, खोडाला तळहात लावला,
वर बघत बघत एक फेरी मारली
आणि म्हणाला, अठ्ठावीस हजार.
लाकूड माझं, पाला तुमचा.
दोन दिवसांत मोकळं करून देतो.
'मोकळं' हा शब्द
रात्री दीडपर्यंत दातात अडकून होता.

अर्जात कारणासाठी दीड ओळ जागा.
'धोकादायक' लिहिलं,
'उजेड अडवतो' असंही.
अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

मग खोडाला सुतळीनं बांधलेली नोटीस,
प्लास्टिकच्या पिशवीत :
कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.

सात दिवस व्हरांड्यात बसून पाहिलं कोण कळवतंय.
इस्त्रीवाल्या रामदुलारनं वाकून नोटीस पाहिली,
वाचता येत नाही त्याला मराठी, पण समजलं असावं,
कारण टेबल दोन हात सरकवून बघितलं
आणि परत होतं तिथं आणलं.
एक मुलगी फोटो काढून गेली.
ढमढेऱ्यांनी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली,
माझ्याकडे बघून मान हलवली,
उभी की आडवी, कळलं नाही.
धनेशाची जोडी आली. ती असलं काही वाचत नाही.
आणि रोज दिवेलागणीला पानं मिटली,
माझ्यावर रागावून नव्हे, रोजच मिटतात,
आणि मिटल्या पानांमधून आभाळ दिसलं,
तेच, जे अडवलंय असं मी सहीनिशी लिहून दिलं होतं.

सातव्या दिवशी पावणेसहाला गेलो.
बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.
"अर्जदार दिगंबर रसाळ. हरकत घेणारे दिगंबर...
भाऊ का तुमचे?"
मीच.
"काका, असं नाही करता येत."
कुठं लिहिलंय?
(पुण्यात कुठल्याही खिडकीवर हा प्रश्न चालतो.)
त्यांनी शोधलं. लिहिलेलं नव्हतं.
शिक्का उमटला, थोडा तिरका.

आता पत्र आलंय. अकरा तारखेला सुनावणी.
दोन्ही पक्षांनी पुराव्यासह उपस्थित राहावे.
कुमुद विचारते, डबा एकाचा देऊ की दोघांचा?

एका पक्षाकडे भेगेचे फोटो आहेत,
प्लंबरची दोन बिलं, मनगटाचा एक्स-रे.
दुसऱ्यानं अंगणातून एक शेंग उचललीय,
वाळलेली, गूळ लावल्यासारखी.
शर्टाच्या खिशात ठेवलीय सकाळपासून.
पेनाला चिकटली,
पेन्शनच्या पावतीला,
आता बोटांना.