लाल बाण

वेणू म्हणाला, अत्ता, आधी फोटो.
माझा एकटीचा एकही नव्हता.
त्याने पद्माच्या लग्नातला घेतला,
उजवीकडचा बँडवाला कापला, डावीकडची वहिनी कापली.
खांद्यावर वहिनीची चार बोटं उरली.
राहू देत, मी म्हटलं.
प्रोफेशनल दिसत नाही, तो म्हणाला.
बोटं गेली.

मग नावाखालची ओळ.
चेकर, मी सांगितलं.
अक्कलकोट रोडला, चौदा वर्षं, टॉवेल चेकर.
असं नाही लिहीत, अत्ता.
त्याने लिहिलं,
गुणवत्तेचा ध्यास घेतलेली, निकालाभिमुख,
टेक्सटाइल क्षेत्रातील ध्येयवेडी व्यावसायिक.
मी दोनदा वाचलं.
सगळे शब्द इस्त्रीचे,
घडी मोडेल म्हणून बसायलाही भ्यावं असे.

तेवढ्यात नळाला पाणी आलं, पाचव्या दिवसाचं.
मी पिंपाला पाइप लावून आले
तोवर तो ब्रँडवर पोचला होता.
आता माणूस हाच ब्रँड असतो.

ब्रँड मला माहीत आहे रे.
टॉवेलच्या कोपऱ्यात शिवतात ते.
एकाच मागावरचा माल,
अर्ध्याला एक लेबल, अर्ध्याला दुसरं, तिप्पट भावाचं.
धुतल्यावर कोण टिकतं
ते लेबलाला विचारायचं नसतं.

कौशल्यं सांग. दहा तरी हवीत.
लाइट गेली तर अंधारात
तळव्याला तुटलेला ताणा सापडतो, हे लिहू?
डाग मशीनच्या तेलाचा की कुणाच्या डब्यातला,
ते वासावरून कळतं.
आणि शेडच्या दारातूनच, नुसत्या आवाजावर,
कितव्या मागाचा धोटा अडखळतोय.
त्याने लिहिलं, बारकाव्यांकडे लक्ष.
तिन्ही मिळून तेवढंच झालं.

आणि ही दोन वर्षं?
सासरे अंथरुणाला होते.
गॅप दिसते, अत्ता. कन्सल्टंट टाकू.
दोन वर्षांत मी एकच सल्ला दिला,
मामा, आता कूस बदला.

तो क्लासला गेला. मोबाइल माझ्यापाशी.
मी ट्यूबखाली गेले
आणि प्रोफाइल बघायला घेतलं
टेबलावर टॉवेल पसरून बघतात तसं,
कडेपासून कडेपर्यंत. हाताची सवय.
चूक दिसली की तिथं लाल बाण चिकटवायचा.
कुणाची ते लिहायचं नाही,
फक्त कुठे.

ध्येयवेडी. बाण.
निकालाभिमुख. बाण.
कन्सल्टंट, दोन बाण.
फोटोतला डावा खांदा, जिथं आता काहीच नाही,
तिथं बाण.
माझ्या टेबलावरून हा पीस पुढे गेला नसता.
सेकंडात टाकला असता, किलोवर.

एका बोटाने तासभर लागला.
जोडाक्षरं सापडेनात.
अनसूया यनगंदूल. टॉवेल चेकर.
दिवसाला सातशे नग.
चौदा वर्षांत परत आलेलं, एक खोकं.
त्यातले अर्धे रंगामुळे, रंग माझ्याकडे नव्हता.
मधली दोन वर्षं सासऱ्यांजवळ होते.
धागा तुटला तर गाठ मारतात.
गाठ मागच्या बाजूला असते,
हात फिरवा, लागेल.

वेणूने वाचलं, कपाळावर हात मारला.
गाठ कुणी दाखवतं का, अत्ता?
चेकर दाखवतो, मी म्हटलं.
फोटोतली बोटं मात्र परत आणता आली नाहीत,
ते मला येत नाही,
त्यालाही आलं नाही.

चार दिवसांत तिघांनी पाहिलं.
एक वेणू.
एक मीच, चुकून.
तिसरं नाव अनोळखी, गाव इचलकरंजी.
चेहरा नाही, नुसता राखाडी गोल.
त्याच्याकडे मी बराच वेळ बघत राहिले,
मग पिंपाचा तळ खरवडून धुतला.
पाणी उद्याचं आहे.