कौल

टायटसव्हिलचा पूल ओलांडला की खाडीवर पेलिकन
आणि पलीकडे ढगाला टेकलेली ती इमारत.
लर्लीन पिकेट, वय बावीस. मागच्या वर्षी कोळंबी सोलायची,
आता यानाच्या पोटाखाली उताणी.
हातात कौल. वाळूच्या धाग्यांचं,
दहातले नऊ भाग नुसती हवा.
अंगठा दाबला तर खळगा पडतो,
आणि भट्टीतून लालभडक काढलं तरी
कोपऱ्यांना धरून उचलता येतं, उघड्या बोटांनी.

अशी हजारो. एकासारखं दुसरं नाही.
प्रत्येकाला नंबर, नंबराला कागद,
कागदावर सही, सहीखाली दुसऱ्याची सही.
विमानासारखं, असं वरचे लोक म्हणाले होते,
उतरलं, पुसलं, पुन्हा उडवलं.
उतरल्यावर एकेका कौलाला सुई टोचायची,
पाणी शिरू नये म्हणून. तोंडाला मास्क. महिने जातात.

एका रात्री गोंद वाळेना.
थुंक त्यात, ऑर्व्हिल म्हणाला.
ओल लागली की पटकन धरतो.
ती थुंकली. धरला. सही झाली.
पटकन धरतो पण कच्चा धरतो,
हे तिला कळलं तेव्हा
यान उभं होतं, आत माणसं चढत होती.

आठ दिवस.
रविवारी चर्चमध्ये ती प्रार्थनेच्या जागी नंबर म्हणत बसली.

परत आलं.
उजव्या चाकाच्या दाराशी तिचं कौल जागच्या जागी,
कडेला करड्या राखेची एक रेघ.
ढकलून पाहिलं. हललं नाही.
तिनं फॉर्मवर लिहिलं: काढावं.
"का गं? गेलं आणि आलं की!"
"आलं म्हणजे कौल मिळाला का, ऑर्व्हिल?"
तो बराच वेळ पान्याशी खेळत राहिला.

पुढे एका फेब्रुवारीत दुसरं एक यान
टेक्ससवर सकाळच्या आभाळात विखुरलं.
कौलानं नाही, सगळे सांगत होते. फोम होता, पंखाची कड होती.
ट्रक येत राहिले.
हँगरच्या जमिनीवर चिकटपट्टीनं आखलेलं यान,
आणि पन्नाशीकडे झुकलेली लर्लीन
भिंगातून जळके आकडे वाचते आहे.
एका तुकड्यावर शेवटचे दोनच उरलेत.
उलटा करते. पाठीला गोंद, अजून घट्ट.
कुणाच्या हातचा, ते गोंद सांगत नाही.
गुडघे टेकून
ती तो त्याच्या चौकोनात ठेवते,
जरा सरकवते,
पुन्हा सरकवते.