खोकल्याएवढी जागा

मनामात आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या खोल्या थंड करतो.
गच्चीवर चढतो, पंख्यातली वाळू ब्रशने काढतो,
गॅस भरतो, कान लावून ऐकतो.
प्रत्येक मशीन आपापल्या सुरात गुणगुणतं.
आमच्या खोलीतलं जुनं, काळी चारच्या आसपास,
जरा उतरलेलं.
बास्त्याव म्हणतो, पेटी कशाला, यालाच सूर धर.

पण रेकॉर्डिंगला आधी तेच बंद करावं लागतं.

जुलै. शुक्रवार. सकाळची मिस्सा आटोपून
आम्ही चौघं: नंदाखालचा मी, गिरिजचा बास्त्याव तुस्कानो,
हॉस्पिटलात रात्रपाळी करून आलेली रेजिना फर्गोज
आणि तिचा ऑलविन, लॅपटॉप त्याचा म्हणून.
खिडकीला दुलई, दाराखाली टॉवेल,
माइकवर नवाकोरा पायमोजा.
वरच्या बंकवर जमाल, सिल्हेटचा,
रात्रभर पुलाचं सिमेंट ओतून आलेला.
त्याला विचारलं होतं. म्हणाला, गाओ भाई,
संध्याकाळपर्यंत मी मेलेलाच आहे.

पहिल्या कडव्याला श्वास पुरतो.
दुसऱ्याला घाम भुवईवरून डोळ्यात.
मग मशीन चालू, आणि चार मिनिटं
आम्ही त्याच्यासमोर हात वर करून उभे,
पवित्र आत्मा उतरावा तसे.

गाणं माझं. म्हणजे शब्द माझे;
चाल अर्धी बास्त्यावची, अर्धी आमच्या रहाटाची,
बापाने मोटर बसवली तेव्हा भंगारात गेला तो.

उतर गा सायबा, गच्चीवर माझ्या,
तापल्या पत्र्याला तुझाही हात लागू दे.
टेक्निशियन दादा, पाना धर जरा...

चर्चच्या पुस्तकात चारशे बारा गीतं आहेत.
फळ्यावर आकडा लागतो, लोक पान काढतात.
माझ्या गाण्याला आकडा नाही.
कोयरचे मोकसेन सर म्हणाले, चांगलं आहे,
पण देवाला टेक्निशियन कसं म्हणता?
म्हटलं, सर, सुताराचा पोर तो,
आज इथे आला तर कुठल्या व्हिसावर येईल?
सर हसले. आकडा मात्र दिला नाही.

चौथ्या खेपेला सगळं जमत आलं
आणि 'लागू दे'च्या नंतर जमाल खोकला.
एकदाच. कोरडा, सिमेंटचा.
ऑलविन कापायला निघाला.
रेजिना म्हणाली, राहू दे रे, पुन्हा गायला जीव नाही,
आठला ड्यूटी आहे माझी.
म्हणून राहिला. दुसरं काही कारण नव्हतं.

गाणं फोनाफोनांतून गेलं:
मस्कतला रेजिनाच्या भावाकडे,
अहमदीला, बास्त्यावच्या तेलवाल्या मेव्हण्याकडे,
शारजात कुणाच्या तरी टॅक्सीत,
आणि नंदाखालला आयकडे.
दोन दिवसांनी तिचा फोन.
चालीबद्दल अक्षर नाही, शब्दांबद्दल नाही.
'तो खोकत होता तो कोण?
अडुळसा उकळून दे त्याला. आलं घाल, गूळ घाल.
छातीत उतरलाय.'

अडुळशाचं झाड इथे कुठलं.
केरळवाल्याच्या दुकानात बाटली मिळाली, दीड दिनार.
जमालने बूच उघडून वास घेतला,
बराच वेळ लेबल वाचत राहिला, जे त्याला वाचता येत नव्हतं.
मग म्हणाला, तुझी आई मला ओळखते?

जानेवारीत त्याचा करार संपला.
बंकवर आता नेपाळचा एक पोरगा आहे, घोरतो.

मागच्या शुक्रवारी चर्चच्या आवारात
धर्मशिक्षणाच्या वर्गाबाहेर, बाकावर पाय हलवत
तीन मुली ते गात होत्या.
मलयाळी असाव्यात. शब्द अर्धे मोडलेले,
'ळ' मात्र आमच्यापेक्षा चोख.
'लागू दे'पाशी तिघी एकदम थांबल्या,
एका खोकल्याएवढ्या,
आणि पुढे गेल्या.

मी पाण्याच्या कूलरपाशी. पेला भरून सांडत होता.
मागून मोकसेन सर म्हणाले,
तिथे ताल चुकतोय पोरींचा. गाणं तुझं ना? सांग त्यांना.

सांगतो, म्हटलं.