परस्पर

बारा बैलांच्या पाठीवर तो हौद असतो,
बैल दगडाचे, चारी दिशांना तोंडं केलेले,
पाणी कोमट, क्लोरीनचा वास असलेलं.
चौदा वर्षांची होते मी, ओरो.
पांढरा झगा, अनवाणी पाय, रांगेत अकरावी.
हेबर काका कार्डावरून नावं वाचत होते,
स्वीडनची एक, ओहायोच्या दोघी बहिणी,
मग तू.
ओरो नहमियास, सलोनिका, जन्म १९०२.
मृत्यूच्या रकान्यात गाव नव्हतं, नुसतं साल.

तुझं नाव त्यांच्या जिभेवर नीट बसेना.
"जी आता हयात नाही, तिच्या वतीने," म्हणाले
आणि माझं डोकं मागे रेटून बुडवलं.
बाकावरचा साक्षीदार म्हणाला, अंगठा वर राहिला.
पायाचा. माझ्या डाव्या पायाचा.
सगळं अंग पाण्याखाली जावं लागतं,
म्हणून तुला पुन्हा बुडवलं.

रात्री आईला विचारलं, तिला नको असलं तर?
आई बटाटे सोलत होती.
"तिकडे तिला नाही म्हणता येतं, लरू.
आपण नुसतं दार उघडून ठेवायचं."
मला बरं वाटलं.
खोटं कशाला सांगू, गाढ झोपले.

एकतीस वर्षांनी तुझी नात आली.
एस्त्रेया. पोकाटेलोच्या कॉलेजात स्पॅनिश शिकवते.
शनिवारी मी जुन्या नोंदींच्या टेबलावर बसते,
लोकांना त्यांची माणसं शोधून देते.
पडद्यावर तुझं नाव आलं
तेव्हा आम्ही दोघी एकदमच हसलो.
मग तिनं खालची ओळ वाचली,
तारीख, आणि आमच्या गावच्या मंदिराचं नाव.

ओरडली असती तर सोपं गेलं असतं.
हलकेच म्हणाली,
"आजीला एकदा यादीत घालूनच नेलं होतं.
ज्या कारणासाठी तिला मारलं
तेवढंच तिचं उरलं होतं.
ते तुम्ही परस्पर धुऊन टाकलंत."
मी दाराचं सांगायला गेले.
"जे घर तिचं नाही, त्याचं दार?"
मी म्हणाले, तो अंगठा माझा होता.
तिला काही कळलं नाही.
ती माझ्या बुटांकडे बघत राहिली.

नोंद काढा म्हणून पत्र लिहिलं मी.
उत्तर आलं सभ्य, दोन ओळींचं:
यापुढे ती नोंद दिसणार नाही.
दिसणार नाही, एवढंच.
पुसली की झाकली, ते मी विचारलं नाही.
पुन्हा एकदा विचारलं नाही.

आणि आता आर्विड.
परवा वर्ष झालं. आमच्यात वर्षभर थांबतात,
मग बायकोनं अर्ज केला तरी चालतो.
धाकट्या बहिणीनं, व्हर्लीननं, फॉर्म आणून दिला, केकसोबत.
आर्विड लूथरन, तोही नावापुरता;
रविवारी मी चर्चमध्ये, तो ट्रॅक्टरवर.
"मेल्यावर मला भिजवू नकोस हं, लरू.
जन्मभर बटाट्याला पाणी देऊन दमलोय."
हसत म्हणाला होता. पण म्हणाला होता.

हे केलं नाही तर पलीकडे तो माझा नाही,
असं मला लहानपणापासून शिकवलंय,
आणि ते माझ्या हाडांत आहे, काढता येत नाही.
तो मला हवा आहे, ओरो.
हवा असणं म्हणजे विचारणं नव्हे
हे मला तुझ्यामुळे कळलं, आणि उशिरा.
जिवंतपणी जो नाही म्हणाला
त्याला मेल्यावर परत विचारायचं,
तर मग कुणाचं कुठलं नाही
शेवटचं धरायचं?

व्हर्लीन म्हणते, तू फार विचार करतेस.
ती चांगली आहे. आम्ही सगळेच चांगले आहोत.
तिथंच तर सगळी अडचण आहे.

फॉर्म फ्रिजवर आहे, लोहचुंबकाखाली.
त्याची जन्मतारीख भरली आहे मी,
सही नाही.
रात्री टबात पडते तेव्हा
डावा अंगठा मुद्दाम वर ठेवते,
पाणी निवेपर्यंत.