आभायनं सूप

मिरचीच्या पथारीवर सापडली ती,
दोंडाईच्याला, जिनिंगच्या मागे, उताणी पडलेली,
बारा फुटी पोटात लाल मिरची वाळत घातलेली.
"जाळी आहे ना, वारा खालूनबी लागतो,"
पथारीवाल्या बाईने आधी गुण सांगितला, मग भाव:
अॅल्युमिनियम दीडशे रुपये किलो,
वर मिरची हलवायची मजुरी.
मी घासाघीस केली नाही.
आयटीआयत पोरांना सर्किटं शिकवणाऱ्या बाईला
वर्षातून एक चूक परवडते.

टेम्पोत मावेना. पाकळ्या सोडवल्या,
आठातल्या सात. आठवी
शेळ्यांच्या वाड्याचं फाटक झाली होती,
मालकाने दिली नाही.
ती जागा इस्माईल पिंजारीने कोंबड्यांच्या जाळीने भरली.
त्याने पहिला हातोडा मारला तेव्हा
तीन हंगामांचं बी उडालं
आणि अख्खी गल्ली शिंकली.

फीडहॉर्नमध्ये कुंभारणीने मातीचं घर बांधलेलं,
रिकामं.
तरी काडीने हळूच काढलं.

मांजाच्या दोन दोऱ्या
काठापासून काठापर्यंत ताणल्या, फुलीसारख्या.
वाकडेपणाची परीक्षा एवढीच:
मधोमध दोऱ्या एकमेकींना टेकल्या पाहिजेत.
दोन बोटं अंतर राहिलं.
फासळी तापव, दाब, पुन्हा दोरी.
एक बोट.
दिवे लागायच्या वेळी नखाएवढं.
तिसऱ्या दिवशी दोरीला दोरी लागली,
इस्माईल म्हणाला, "आता कुणी श्वास घेऊ नका."
भिंतीवर विटेच्या तुकड्याने मी मांडलं:
व्यासाचा वर्ग, भागिले सोळा गुणिले खोली.
इतक्या उंचीवर गोळा होतं आभाळ.

मग सुपडूअण्णा आले. ही त्यांचीच.
ब्याण्णव साली हप्त्याने घेतलेली, गावातली पहिली केबल.
आमच्याकडे कनेक्शन नव्हतं,
वायर तेवढी आमच्या धाब्यावरून जायची
पुढे डॉक्टरांच्या घरी.
मी तिला कान लावून बसायचे.
उन्हाने गरम असायची ती;
मला वाटायचं, आतून कुणीतरी चाललंय.

अण्णांचे कान आता गेलेत.
आधीची चार भावंडं जगली नाहीत,
म्हणून हे जन्मले तसे आईने सुपात घातले,
उकिरड्यापर्यंत नेले, परत आणले,
नाव पडलं सुपडू.
त्यांनी जाळीवरून तळवा फिरवला,
कोंबड्यांच्या जाळीपाशी थांबले, हसले,
आणि मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसं, बोलले:
"हाई डिश नही शे ताई, आभायनं सूप शे.
दाना धरस, फोल उडाडस."

आग्नेयेला तोंड.
"लिंबाच्या शेंड्यावर चार बोटं, टाकीच्या डावीकडे."
टाकी तेव्हा नव्हती, लिंब अंगठ्याएवढा होता;
तरी बोटं चारच.
इस्माईल खांबाला खांदा देऊन फिरवायचा,
मी आकडे ओरडायचे:
शून्य. शून्य. सतरा. थांब. अकरा. मागे, मागे.
एकतीस.
चित्र आलं.
कुठल्या तरी देशात एक बाई कोबी चिरत होती,
भाषा कुणालाच कळत नव्हती.
पोरं म्हणाली, हे तर मोबाईलवरबी दिसतं.
खरं होतं. मी काही बोलले नाही.

मार्चचा पहिला आठवडा, सकाळचे सव्वादहा.
कोबी फुटायला लागला, ठिपके ठिपके, मग नुसता खर्रर्र.
"गेलं," पोरं उठली.
मी जोडण्या हलवून बघितल्या, एकेक.
अण्णा टीव्हीकडे बघतच नव्हते.
ते डिशकडे बघत होते:
फीडची सावली जाळीवरून सरकत
बरोब्बर मधोमध येऊन बसलेली,
गोल, वाटीएवढी.
सूर्य नेमका त्या उपग्रहाच्या मागे आला होता;
आम्ही ज्या रेषेवर नेम धरला
त्याच रेषेवरून तो सगळं जाळत होता.

"लागनं!" अण्णांनी टाळी वाजवली.
"बठ्ठं बरोबर लागनं!"

पडद्यावर बर्फ. खर्रर्र.
इस्माईलने विचारलं, टीव्ही बंद करू का?
अण्णांना ऐकू गेलं नाही.