पाठभेद

एकतीस वर्षं मी लोकांच्या लग्नपत्रिका तपासतो,
महालात, गुंडावारांच्या प्रेसमध्ये, जिन्याखालच्या टेबलावर.
एकदा हजार प्रती 'शुभ दीन' छापून जाणार होत्या.
मी वेलांटी पालटली.
दिवसाचा गरीब व्हायला एवढंच लागतं.

म्हणून मेडिकलच्या अठरा नंबरच्या खोलीत
डोंगरवार मॅडम म्हणाल्या, "फरक एका अक्षराचा आहे,"
तेव्हा तिथं बसलेल्यांत सगळ्यांत आधी मला कळलं.
त्यांनी कागदावर लिहून दाखवलं:
सहाव्या शब्दात 'ए'च्या जागी 'टी'.
एक प्रत माझ्याकडून, एक शीलाकडून,
आम्हा दोघांना कधी साधा तापही न आणता
दोन्ही श्रावस्तीत येऊन भेटल्या.
आता तिची तांबडी पेशी मधेच वाकते, विळा होते,
आणि इतवारीच्या बोळात हातठेला आडवा लागावा
तशी अडते.
मागे सगळी गल्ली बोंबलत उभी.

मी विचारलं, चूक कोणाची?
धंद्याची सवय. जुळाऱ्याची की माझी,
हे ठरल्याशिवाय आमच्याकडे कोणी घरी जात नाही.
"चूक नका म्हणू," मॅडम म्हणाल्या.
"एकच प्रत असली, तर मलेरिया एवढा जीव घेत नाही.
रानात, डबक्यांच्या काठी
तुमच्या आधीची किती लेकरं ह्यानंच जगली असतील."

अजनीच्या पुलावर मी स्कूटर बाजूला घेतली.
खालून मालगाडी जात होती, डबे मोजता मोजता
शब्द सापडला: पाठभेद.
जुन्या पोथीत दोन हात, दोन वाचनं;
जाणता संपादक नकलणाऱ्याची डुलकी म्हणून खोडत नाही,
पानाच्या तळाशी बारीक टाइपात ठेवतो.

पण पाठभेदानं गुडघे सुजतात.
डिसेंबरात पारा नऊवर आला
की इंदोऱ्यातल्या आमच्या दीड खोलीत
ती रात्री दोनला उठून बसते.
"बाबा, हाडात कोणी मेट्रोचा खांब गाडून राह्यलं."
एकोणीस वर्षांची आहे. रडत नाही, शिव्या देते.
मी रबरी पिशवीत पाणी भरतो.

रोजची कॅप्सूल म्हणे जन्माआधीचं रक्त जागं करते,
गर्भात असतानाचं,
जे आईच्या रक्तातून श्वास ओढून घ्यायचं.
हे ऐकल्यापासून शीला गोळ्या स्वतः मोजते.
डबी मला हात लावू देत नाही.

दूर कुठं तरी आता पेशी बाहेर काढून
दुरुस्त करून परत घालतात.
किंमत पेपरात आली होती. मी शून्यं मोजली,
दोनदा, सवयीनं.
श्रावस्ती म्हणाली, "मी तुमचं प्रूफ असते, बाबा,
तर समासात कोणती खूण केली असती?"
खोडा. जोडा. पालटा.
आणि एक आहे, खोडलेल्याखाली नुसती टिंबं:
असू द्या, हात घाईनं चालला.
मी उत्तर दिलं नाही. बाटली भरून उशाशी ठेवली.

परवा मेश्रामांचा अनिकेत आला, होणारी बायको सोबत.
नावं बरोबर, विहाराचा पत्ता बरोबर, वार रविवार.
सगळं तपासून झाल्यावर मी विचारलं,
"दोघांची जुळवून पाह्यली का?"
तो हसला. "काका, आमच्यात पत्रिका पाहतेत का?"
"ती नाही बाप्पा. रक्ताची."
तो मोबाइल काढून कागदाचे भाव विचारू लागला.
मी समासात लिहिलं: मेडिकल, खोली अठरा, बाराच्या आत,
उपाशी यायची गरज नाही.

मुलगी हसली नव्हती.
तिनं माझ्या हातातलं लाल पेन मागून घेतलं
आणि 'बाराच्या आत'खाली
एक रेघ ओढली.